स्वयंपाकघराचा ताळेबंद : फलाफल, तीळ आणि दही



कडधान्य आणि दही यांचा संबंध आपल्या घरांत फार जपून ठेवला जातो. वरण-भात झाल्यावर ताक घ्यावयाचे असेल तर हात, तोंड आणि वाटी धुऊनच ते घ्यावे, मुगाची डाळ घातलेल्या कोशिंबिरीत कच्चे दही घालू नये, दहीवडा करावयाचा असेल तर दही आधी तापवून घ्यावे, हे धडे आपण पुस्तकांतून घेतलेले नाहीत. पानावर बसल्या बसल्या आई-आजीच्या बोलण्यातून ते आपल्याला मिळाले. परंतु ज्या पदार्थाचे नावही आपल्या आजीच्या कानी कधी पडले नव्हते, त्याच्या बाबतीत काय करावे?

फलाफल हा असाच एक पदार्थ. आज मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत तो सहज मिळतो, तरुण मंडळी तो आवडीने मागवतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्यासोबत वाटीभर दह्याचा सॉस येतो. भिजवलेल्या चण्याचा वडा आणि त्यावर कच्चे दही! द्विदलाचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. त्यामुळे अनेक घरांत हा विषय एका वाक्यात संपतो : ‘आपल्यात चालत नाही.’ वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते अपुरे का, आणि पुरे केल्यास संध्याकाळच्या जेवणात घरच्या सर्वांना एकत्र बसविणारा एक उत्तम पदार्थ कसा हाती येतो, हे आज मांडावयाचे आहे.

पदार्थाचे मूळ घर

फलाफलाचा उगम बहुतेक अभ्यासक इजिप्तमध्ये मानतात. तेथे त्याला ‘तामिया’ असे म्हणतात, आणि तो चण्याचा नसून फावा नावाच्या मोठ्या वालाचा करतात. हिंदीत ज्याला बाकला म्हणतात तेच हे कडधान्य. सोललेला सुका वाल भिजवून, न शिजवता वाटतात. त्यात कोथिंबीर, पार्सली व शेपू इतका सढळ हाताने घालतात की वडा फोडल्यावर आतून हिरवागार दिसतो. कैरोतील सामान्य माणसाची सकाळची न्याहारी म्हणजे शिजवलेला वाल, तामिया आणि भाकरीसारखी गव्हाची रोटी. हाच पदार्थ पूर्वेकडे लेबनॉन, सिरिया, पॅलेस्टाईन आणि जॉर्डन या प्रदेशांत गेला तेव्हा वालाची जागा काबुली चण्याने घेतली. इस्रायलमध्येही तो घरोघरी आणि रस्तोरस्ती खाल्ला जातो. तो मुळात कोणाचा, यावरून त्या भागांत वाद आहेत. आपण त्यांत शिरण्याचे कारण नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या सर्व प्रदेशांत फलाफलाचे मूळ तोंडीलावणे दही नसून तीळ आहे. तीळ वाटून केलेल्या मऊ लगद्याला तेथे ‘ताहिनी’ म्हणतात. त्यात लिंबाचा रस, मीठ आणि पाणी घालून फेटले की पांढरीशुभ्र, पळीवाढी चटणी तयार होते. लसूण तेथे नेहमीचीच, पण चटणीचा आधार तिळाचा. काकडी घातलेला दह्याचा सॉस हे मूळचे ग्रीक व तुर्की पद्धतीचे तोंडीलावणे. युरोप-अमेरिकेतील दुकानांत दोन्ही परंपरा एकाच काउंटरवर आल्या आणि फलाफलावर दही पडू लागले.

यात आणखी एक बोलका तपशील आहे. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती समाज वर्षातील दोनशेहून अधिक दिवस उपवासाचे पाळतो. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, दही, लोणी हे सारे वर्ज्य असते. अशा दिवसांत वाल आणि तामिया हा त्यांचा मोठा आधार. कैरोत जन्मलेल्या विख्यात पाककला-लेखिका क्लॉडिया रोडन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्यपूर्वेच्या पाककृतींवरील ग्रंथात कॉप्ट लोक हा पदार्थ आपलाच मानतात अशी नोंद केली आहे. त्या दाव्याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. परंतु ज्यांच्या व्रतात दह्याला स्थानच नाही अशा लोकांनी शतकानुशतके हा पदार्थ आवडीने खाल्ला, ही वस्तुस्थिती आपल्याला पुरेशी आहे. दह्यावाचून फलाफल अडत नाही.

नियमातील एक शब्द

आता आपल्या नियमाकडे वळू. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या ‘योगशास्त्रा’त अभक्ष्य पदार्थांच्या यादीत द्विदलाचा उल्लेख आहे. तेथे गोरसाच्या आधी एक छोटासा शब्द येतो : ‘आम’. आम म्हणजे कच्चे, न तापवलेले. कच्च्या गोरसाचा, म्हणजे न तापवलेल्या दूध-दही-ताकाचा, कडधान्याशी संयोग झाला की त्यात तत्काळ सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, अशी शास्त्राची धारणा; आणि म्हणून तो संयोग टाळावयाचा. ज्याची दोन दळे होतात आणि ज्यातून तेल निघत नाही ते द्विदल, ही व्याख्या आपल्या बहुतेक घरांत मानली जाते. त्यामुळे चणा, मूग, उडीद, तूर, वाटाणा, वाल, इतकेच काय मेथीदाणाही त्यात येतो. तिळाचा प्रश्न नाही; तो तेलबिया आहे.

बँकेत असताना कर्जाचे अर्ज तपासण्याचे काम मी अनेक वर्षे केले. त्या काळी आमचे एक वरिष्ठ नेहमी बजावीत की अर्जावर ‘नामंजूर’ लिहिण्यापूर्वी सगळी कागदपत्रे वाचावीत. पुष्कळदा मंजुरीचा मार्ग शेवटच्या पानावर असतो. द्विदलाच्या नियमात तो मार्ग ‘आम’ या शब्दात आहे. दही नीट तापवले, तर अनेक घरांच्या परंपरेप्रमाणे ते कडधान्यासोबत चालते. आपली कढी याच आधारावर उभी आहे. काही घरांची रीत याहून कडक असते. तेथे आपल्या घरची परंपरा आणि गुरुभगवंतांचे मार्गदर्शन हेच प्रमाण. अशा घरांसाठी तिळाचा मार्ग मोकळा आहेच.

नातीचा प्रश्न

या विषयाकडे मी वळलो तो नातीमुळे. ती गेल्या वर्षापासून बर्लिनला शिकत आहे. त्या शहरात लेबनॉन व पॅलेस्टाईनमधून आलेल्या लोकांची फलाफलाची दुकाने चौकाचौकांत आहेत, आणि शाकाहारी विद्यार्थ्याला रस्त्यावर उभ्या उभ्या, परवडणाऱ्या किमतीत पोटभर मिळणारा पदार्थ म्हणजे फलाफल. एके दिवशी तिने फोनवर विचारले, ‘आजोबा, फलाफल आपल्यात चालते का? त्यावर दही घालतात.’ माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या आजीने मी बोलण्याआधीच सांगितले, ‘अजिबात खाऊ नकोस.’ पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग नात म्हणाली, ‘आजी, मग इथे बाहेर खायचे तरी काय?’

तिच्या आजीचा हेतू शुद्ध होता. पण मला त्या शांततेची काळजी वाटली. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या मुलीला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच मिळू लागले, तर ती नियम मोडेल की पाळेल हे सांगता येणार नाही. परंतु ती विचारणे थांबवील हे मात्र निश्चित. आणि एकदा विचारणे थांबले की घरातील माणसाला तिच्या ताटाविषयी काही सांगण्याचा मार्गच उरत नाही.

म्हणून मी तिला दुकानात कोणकोणते सॉस असतात ते पाहून सांगावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने यादी कळवली : औषधी पानांचा, लसणाचा, तिखट आणि तिळाचा. पहिल्या दोहोंत बहुधा दही असते. लसणाच्या सॉसमध्ये अंड्याचे मेयोनेझही असू शकते. तिला म्हटले, ‘तिळाचा माग. आणि एवढेच विचार की तळणाच्या तेलात मांसाचे काही तळतात का.’ हे दोन प्रश्न परदेशी असलेल्या आपल्या प्रत्येक मुलाने विचारावेत असे आहेत. त्याच संभाषणात तिने आपण होऊन सांगितले की दुकानातल्या फलाफलात कांदा-लसूण असतो आणि तेथे तिला ते टाळणे जमत नाही. तिच्या आजीला वाईट वाटले, मलाही वाटले. पण तिने ते लपवले नाही, याचे मोल मी अधिक मानले. ‘सुट्टीत घरी ये, आपण आपल्या पद्धतीने करून पाहू, मग तिथे खोलीवर तुला करता येईल,’ असे तिच्या आजीनेच तिला सांगितले.

डिसेंबरात ती आली, आणि एका रविवारी आमच्याकडे फलाफलाचा बेत झाला. रविवारच का, तर नोकरी-व्यवसाय करणारी मुले-सुना इतर दिवशी सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचत नाहीत. चौविहार पाळणाऱ्या घरात सर्वांनी संध्याकाळी एकत्र जेवण्याचा योग आठवड्यातून एकदाच येतो. त्या दिवशी ज्या रीतीने फलाफल केले तीच पुढे देत आहे. प्रमाण सहा माणसांचे आहे.

साहित्य आणि पूर्वतयारी

काबुली चणे पाव किलो, बारीक चिरलेली कोथिंबीर एक वाटी, धणे एक मोठा चमचा, जिरे दोन लहान चमचे, मिरे आठ-दहा, हिरव्या मिरच्या दोन-तीन, हिंग व सुंठ प्रत्येकी पाव लहान चमचा, तीळ एक मोठा चमचा, मीठ सव्वा लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा आणि तळणीसाठी तेल.

चणे सकाळी निवडून, धुऊन, हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजत घालावेत. फुगून ते दुपटीच्या आसपास होतात, म्हणून भांडे मोठे घ्यावे आणि पाणी चार बोटे वर ठेवावे. रात्री भिजवून ठेवणे ज्यांना मान्य नाही त्यांना हा मार्ग सोयीचा आहे. सकाळी सातला भिजवलेले चणे दुपारी तीन-साडेतीनपर्यंत तयार होतात. परीक्षा सोपी आहे. एक चणा नखाने दाबावा; त्याची दोन दळे सहज अलग झाली आणि मधोमध पांढरा, खडूसारखा कोरडा ठिपका दिसला नाही, म्हणजे भिजणे पूर्ण झाले. द्विदल या शब्दाचा अर्थ लहान मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून चांगली वेळ नाही. मात्र मोड येईपर्यंत चणे ठेवू नयेत. अंकुरलेले कडधान्य अनंतकायात गणले जाते, आणि चवीच्या दृष्टीनेही फलाफलाला मोडांची गरज नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. चणे शिजवू नयेत, आणि डब्यातले उकडलेले चणे तर मुळीच घेऊ नयेत. भिजवलेल्या कच्च्या चण्यातील पिष्ट तळताना फुलते आणि तेच वड्याला बांधून ठेवते. उकडलेल्या चण्यातील पिष्ट आधीच फुललेले असते आणि त्यात पाणीही भरपूर असते. त्याचे वडे तेलात पडताच विरघळतात. मग लोक त्यात पीठ ढकलू लागतात आणि हलका, खुसखुशीत व्हावयाचा पदार्थ दगडासारखा घट्ट होतो.

घाणा

भिजलेले चणे चाळणीत उपसून अर्धा तास निथळू द्यावेत आणि कोरड्या फडक्यावर पसरावेत. धणे, जिरे, मिरे कोरडेच किंचित भाजून भरड कुटावेत. चणे मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून, पाणी न घालता, थांबून थांबून फिरवावेत. डाळवड्यासाठी आपण डाळ जशी भरड वाटतो त्याहून थोडे बारीक, परंतु गंध मुळीच होऊ नये. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर मोकळा झाला पाहिजे. त्यात कोथिंबीर, वाटलेली मिरची, कुटलेला मसाला, हिंग, सुंठ, तीळ व मीठ मिसळून अर्धा तास झाकून ठेवावे.

कांदा-लसणाची उणीव जाणवेल काय, असे अनेकजण विचारतात. मूळ पदार्थात त्यांचे काम दोन प्रकारचे आहे : ओलावा आणि उग्र वास. ओलाव्याचे काम कोथिंबीर करते, आणि वासाचे काम हिंग व भरपूर भरड धणे करतात. धणे आणि जिरे हे तर मूळ पदार्थाचेच मसाले आहेत. आपण त्यांचे प्रमाण थोडे वाढवले आहे इतकेच. आल्याच्या जागी सुंठ आहे.

तळण्यापूर्वी अगदी शेवटी सोडा मिसळावा. तो अर्ध्या चमच्याहून अधिक झाल्यास वडे तेल पितात आणि साबणासारखी चव येते. हाताला पाणी लावून मोठ्या पेढ्याएवढे गोळे करावेत व किंचित चपटे करावेत. वरील प्रमाणात साधारण चोवीस होतात. तेल मध्यम तापले की पिठाचा कण टाकून पाहावा. तो तळाशी न राहता बुडबुड्यांसह लगेच वर आला, पण करपला नाही, तर तापमान योग्य आहे. एका घाण्यात सहा-सातहून अधिक सोडू नयेत. तीन-चार मिनिटांत ते गडद सोनेरी होतात. पहिला एकच वडा तळून पाहावा. तो फुटू लागला तर मिश्रणात एक-दोन चमचे बेसन घालावे, त्याहून अधिक नको. ज्यांना तळण वर्ज्य आहे त्यांच्यासाठी अप्पेपात्रात चमचाभर तेलावर, झाकण ठेवून, दोन्ही बाजूंनी भाजून घ्यावेत. चव थोडी निराळी लागते, पण पोटाला हलके.

मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. फ्रीजमध्ये ठेवले तरी आपल्या दृष्टीने ते वासीच. म्हणून माणसे मोजावीत, वडे मोजावेत आणि शिल्लक शून्यावर आणावी. आमच्या व्यवसायात अखेरची शिल्लक शून्य असणे चांगले मानत नसत. स्वयंपाकघरात मात्र तोच उत्तम ताळेबंद होय.

चार महिने तीळ

तोंडीलावण्याचा विचार करताना पंचांग समोर ठेवावे लागते. आपल्या अनेक घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे आठ महिने तीळ, कोथिंबीर आणि सर्व पालेभाज्या बंद असतात. उष्ण आणि दमट हवेत त्यांत जीवोत्पत्ती अधिक होते हे त्यामागचे कारण. म्हणजे तिळाची चटणी आणि हिरवेगार फलाफल हा खराखुरा हिवाळ्याचा बेत. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या चार महिन्यांत तो मनसोक्त करावा. संक्रांतीच्या निमित्ताने घरात तीळ असतातच.

शंभर ग्रॅम पांढरे तीळ निवडून मंद आचेवर केवळ सुगंध सुटेपर्यंत भाजावेत. रंग बदलू देऊ नये. तांबूस झालेले तीळ कडवट लागतात. पूर्ण गार झाल्यावर दोन-तीन चमचे तिळाचे तेल घालून मिक्सरमध्ये लोण्यासारखे मऊ होईपर्यंत वाटावेत. ही झाली ताहिनी. तीत दोन लिंबांचा रस, अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर हिंग आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून, गार पाणी चमच्या-चमच्याने सोडत फेटावे. प्रथम मिश्रण एकाएकी घट्ट होऊन चुरगळल्यासारखे दिसते. येथे अनेकांचा धीर सुटतो. परंतु पाणी घालत फेटत राहिल्यास तेच मिश्रण क्षणात सैल, पांढरे आणि रेशमी होते. साधारण अर्धी वाटी पाणी लागते.

आठ महिने दही

उरलेल्या आठ महिन्यांत, ज्यांच्या घरी तापवलेले दही चालते त्यांनी दह्याचा सॉस करावा. फलाफलातील कोथिंबीर वगळून धणे दीडपट करावेत, वड्यातील तीळ गाळावेत आणि ओलाव्यासाठी हिरवी ढोबळी मिरची अगदी बारीक चिरून घालावी.

दही तापवले की फाटते, ही सर्वांची तक्रार. दह्यातील प्रथिने आंबटपणा आणि उष्णता यांच्या संयोगाने गोळा होतात आणि पाणी सुटते. त्यावर लेबनॉन-सिरियातील गृहिणींचा उपाय असा की दह्यात थोडे पिष्ट मिसळून ते सतत ढवळत तापवावे. त्यांच्याकडे शिजवलेल्या दह्याचे अनेक पदार्थ असून ‘लबन मतबूख’ म्हणजे शिजवलेले दही, असा शब्दच रूढ आहे. पिष्टाचे कण प्रथिनांभोवती राहून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. आपण कढीत हेच काम बेसनाकडून करून घेतो. पण बेसन स्वतःच द्विदल असल्याने ते कच्च्या दह्यात कालवता येत नाही. येथे तांदळाचे पीठ घ्यावे.

अर्धा किलो ताजे, सायीचे दही एकजीव घुसळावे. एक मोठा चमचा तांदळाचे पीठ थोड्या पाण्यात कालवून त्यात मिसळावे. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर एकाच दिशेने ढवळत तापवावे. आठ-दहा मिनिटांत वाफा येऊन कडेला बुडबुडे दिसू लागतात. बोट बुडवल्यास चटका बसेल इतके ते सर्वत्र तापले पाहिजे. खळखळून उकळू नये. मीठ खाली उतरवल्यानंतर घालावे. गार झाल्यावर जिऱ्याची पूड, लिंबाचे काही थेंब आणि बारीक चिरून पिळून घेतलेली काकडी घालावी. दही तापून खाली उतरेपर्यंत त्याला चण्याच्या मिश्रणाचा हात, चमचा किंवा भांडे लागू देऊ नये, एवढी दक्षता पुरे. ज्यांना घट्ट सॉस आवडतो त्यांनी दही आधी तासभर फडक्यात टांगावे. श्रीखंडासाठी आपण जो चक्का करतो त्याचाच भाऊ तिकडे ‘लबनेह’ या नावाने न्याहारीला असतो.

पानावर

मूळ पद्धतीत फलाफल पोकळ रोटीत भरतात. सोबत टोमॅटो, काकडी आणि सलगमचे गुलाबी लोणचे असते. सलगम कंदमूळ असल्याने ते आपण वगळावे. यीस्ट घातलेल्या रोटीऐवजी गव्हाचा जाडसर फुलका उत्तम. फुलक्यावर चटणी पसरून, वर दोन वडे किंचित दाबून ठेवावेत आणि टोमॅटो, काकडी व हिवाळ्यात कोथिंबिरीची पाने घालून गुंडाळी करावी. डिसेंबरात पुण्याकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणून पहिला घाणा पावणेपाचला आणि पाने सव्वापाचला, असा हिशेब ठेवावा. चटणी दुपारीच करून ठेवली तर शेवटच्या क्षणी धावपळ होत नाही.

आमच्या घरी त्या रविवारी पानावर चार पिढ्या होत्या. वयाची शहाऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या आमच्या मातुश्रींनी पहिला घास घेतला आणि सुनेला विचारले, ‘हे आपल्या डाळवड्याचेच भावंड ना ग?’ नातीने त्यांना तामियापासून बर्लिनपर्यंतची सारी हकिगत सांगितली. सर्व ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, ‘म्हणजे तिकडचे लोकही दही न घालताच खात होते.’ नात जाताना सुंठ, हिंग आणि भरड कुटलेल्या धण्या-जिऱ्याची पुडी सोबत घेऊन गेली. काबुली चणे आणि ताहिनी तिला तेथील अरबी व तुर्की दुकानांत मिळते. आता महिन्यातून एक-दोनदा ती वसतिगृहात स्वतः फलाफल करते, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीही तेच खातात. एरवी बाहेर खाणे होते तेव्हा काय खाल्ले ते ती सांगते, आणि तिची आजी ते ऐकून घेते. दोघींनाही ते पूर्वीपेक्षा सोपे जाते असे मला दिसते.

नवे पदार्थ येतच राहतील. आज फलाफल आहे, उद्या आणखी काही असेल. प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाहाव्यात : त्यात मुळात काय काय असते, त्यातील कोणती वस्तू आपल्या नियमाच्या आड येते, आणि ती वस्तू त्या पदार्थाला खरोखरच आवश्यक आहे काय. ती वस्तू पदार्थाचा प्राणच असेल, तर तो पदार्थ आनंदाने सोडून द्यावा. जगात खाण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु ती नंतर येऊन चिकटलेली असेल, तर ती तेवढी बाजूला ठेवावी आणि मुलांना पानावर बोलवावे.

वाचकांनी आपापल्या घरी तापवलेल्या दह्याची व आठ महिन्यांच्या त्यागाची रीत कशी पाळली जाते ते संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. निवडक रीती पुढील लेखात देता येतील.

जय जिनेंद्र.